सात फण्यांखाली

आदिलाबाद, ९ मार्च २०२५

बाबा, जय भीम.

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून हे पत्र. मायनंच सुचवलं. म्हणाली, "तुहं नाव दिसलं का थे अंगणात निंगून जाते. कागद धाड. लिवलेला कागद थे फेकत नाई." म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे आणि ओळींमध्ये जागा सोडते आहे. तुमचा चष्मा जुना झाला आहे हेही मायनंच सांगितलं.

एक गोष्ट आधी सांगून टाकते. मूर्ती न्या, असं मी कोणालाही सांगितलं नाही. तहसीलची गाडी गावात पोचली तेव्हा मी इथे संग्रहालयात टेबलाशी बसले होते. विहारातला व्हिडिओ आपल्याच पोरांनी फोनवर फिरवला आणि तो फिरत फिरत साहेबांपर्यंत गेला. मला कळलं ते दुपारी, गाडी आमच्या फाटकात उभी राहिली तेव्हा. पोत्यांत गुंडाळलेलं काहीतरी चार माणसं उतरवत होती. पोतं सरकलं आणि आतून पांढऱ्या फुलांचा हार बाहेर आला. राहीबाई आजीच्या हाताचा. दोरा मधून तुटलेला होता.

तुम्ही गावात म्हणालात, "माह्या पोरीच्या नोकरीनं आमचा बुद्ध नेला." हे माझ्या कानावर आलं आहे.

माझं काम काय आहे ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या संग्रहालयात तेलुगू आणि इंग्रजी पाट्या आहेत, मराठी नव्हत्या. आदिलाबादेत निम्मं गाव मराठी बोलतं, म्हणून कुमुदिनी मॅडमनी भांडून ही जागा तयार करून घेतली आणि मला घेतलं. मॅडम इथल्याच. त्यांचे पणजोबा निजामाच्या काळात महसुलात होते. त्यांचा एकच नियम आहे: पाटी लिहिताना आधी डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, नाव शेवटी. आधी नाव वाचलं की माणूस मग वस्तूकडे बघतच नाही, असं त्या म्हणतात.

दारातून आत आलं की डाव्या हाताला एक वीरगळ आहे. लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. त्यात खालून वर असे तीन मजले कोरलेले आहेत. सगळ्यात खाली गाई, एकमेकींना चिकटून उभ्या, आणि त्यांच्यापुढे ढाल घेतलेला एक माणूस. मधल्या मजल्यावर त्याच माणसाला दोन बाया धरून वर नेत आहेत. सगळ्यात वर तो देवापुढे बसला आहे. तेलुगू पाटीत फक्त वरचे दोन मजले आहेत. मी गाईंपासून सुरुवात केली. एका गाईने मान वळवून मागे पाहिलं आहे, तेही लिहिलं. तुम्ही सालदार होता तेव्हा पाटलाची एक गाय अशीच मान वळवून तुमच्याकडे बघायची. आठवते का?

मूर्ती मागच्या खोलीत आहे, लाकडी फळीवर. मी रोज बघून येते. तिची पाटी अजून माझ्याकडे आलेली नाही.

मैत्री


आदिलाबाद, २३ मार्च

बाबा, जय भीम.

महिपत काका येऊन गेले. तुम्ही त्यांच्याबरोबर याल असं मला वाटलं होतं. मूर्ती परत द्या अशी विहार कमिटीची दरखास्त त्यांनी खालच्या खिडकीत दिली, पोच घेतली आणि मग वर माझ्याकडे आले. मी चहा मागवला. बशीत ओतून पीत म्हणाले, "पोट्टे, तू शिकली थे आमच्या कामात कवा येईन? पाटीवर फकस्त बुद्ध म्हून लिव. सरकारनंच लिवलं म्हनल्यावर कोन नाई म्हनते?"

"काका, माझ्या लिहिण्यानं मूर्ती परत येत नसते. जमिनीत किंवा नदीत सापडलेली जुनी वस्तू सरकारची होते."

"मंग सरकारनं नदी बी न्यावं."

मला हसू आलं. तेही हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुहा बाप जेवत नाई बराबर. तुले मालूम हाय का?"

मायनं हे मला सांगितलं नव्हतं.

बाबा, मूर्ती तुमच्यासाठी काय आहे हे मला ठाऊक नाही असं समजू नका. विहाराच्या स्लॅबसाठी वाळू काढायला तुम्ही सगळे पैनगंगेत उतरला होता. तुमचं फावडं दगडाला लागलं, आणि तो दगड उलटा केला तर त्याला चेहरा होता. वर सात फण्यांचा नाग. बाकीचे घाबरून मागे सरले आणि तुम्ही म्हणालात, "भिऊ नका. हा मुचलिंद नागराजा. बुद्ध ध्यानात बसले तवा सात दिवस पाऊस पडला, तं यानं फणा धरला." भंतेजींच्या प्रवचनातली गोष्ट तुम्हाला त्या क्षणी आठवली, म्हणून तो दगड पुन्हा वाळूत गेला नाही. वरच्या गावातले सवर्ण लोक आपल्याला नेहमी ऐकवत आले, तुमचा धर्म परवाचा, तुमच्या आज्याला विचारा तो कोणाच्या पाया पडत होता. त्यांना उत्तर द्यायला तुमच्याकडे कधी काही नव्हतं. मग नदीतूनच उत्तर निघालं. मूर्ती बसवली त्या दिवशी तुम्ही चौकात उभं राहून मोठ्याने म्हणालात, "आमी परवाचे नाई. आमी हजार वर्साचे हावो." मी तिथेच होते. तुम्हाला इतकं ताठ उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आज मी एका तैलचित्राची पाटी लिहिली. जुन्या काळचा कोणी तालुकदार खुर्चीवर बसला आहे. शेरवानीचं एकेक बटण चित्रकाराने इतकं नीट काढलं आहे की बोटाने उघडावंसं वाटतं. गालिचाही तसाच, त्याच्या रेशमाची पडछाया बुटांवर आली आहे. मागे पंखा ओढणारा एक माणूस आहे, त्याला मात्र चित्रकाराने चेहराच काढला नाही. एक पिवळट डाग आणि दोरी धरलेला हात. मी पाटीत त्याचं वर्णन घातलं. मॅडम म्हणाल्या, "हे कोणी विचारणार नाही." मी म्हटलं, "आमच्या गावचे लोक आले तर विचारतील." त्यांनी ते राहू दिलं.

दोन खोल्या सोडून इथल्या ओझा कारागिरांनी ओतलेला पितळेचा मोर आहे. मेणाचा मोर करायचा, त्यावर माती थापायची, भाजायची. मेण वाहून जातं आणि त्या रिकाम्या जागेत पितळ ओततात. मोराच्या पाठीवर दिव्याची वाटी आहे. पिसं म्हणजे मेणाच्या दोऱ्यांच्या खुणा, हाताला अजून दोरेच लागतात. पाटी लिहायची असेल तर मॅडम हात लावू देतात.

मूर्तीची पाटी मॅडमनी परवा माझ्याकडे दिली. मी अजून सुरू केलेली नाही. आधी बाकीच्या संपवते आहे.

जेवत जा.

मैत्री


आदिलाबाद, १३ एप्रिल

बाबा, जय भीम.

उद्या जयंती आहे आणि मी येत नाही. मायला सांगितलं की सुट्टी नाही. सुट्टी आहे. मी उद्या तुमच्यासमोर उभी राहिले तर तुम्ही विचाराल, आणि नाही विचारलंत तरी माझ्या तोंडावर दिसेल. म्हणून आज लिहून टाकते. हे पत्र एकट्याने वाचा. मायलाही नंतर वाचून दाखवा.

मूर्ती बुद्धाची नाही.

मला हे एकदम कळलं नाही. गावात विहारात बघितली तेव्हा मलाही मुचलिंदच वाटलं होतं, आणि मी तेव्हा इतिहासाच्या पदवीची परीक्षा देऊन बसले होते. इथे फळीवर ठेवल्यावर मी तिच्याभोवती फिरले. विहारात तिची पाठ भिंतीला होती आणि डोक्यावर तुम्ही लावलेलं पांढरं कापड होतं. ते कापड काढल्यावर फण्यांच्या वर एकावर एक अशा तीन छत्र्या दिसल्या. मग मी चीवराची रेघ शोधायला लागले. बुद्धाच्या मूर्तीत कुठेतरी कापडाची कड असतेच. गळ्याशी, डाव्या खांद्यावर, घोट्याजवळ. मी विजेरी तिरकी धरून पाहिलं, बोटाने चाचपलं. काखेखाली, जिथे पाणी पोचून दगड झिजू शकत नाही, तिथेही पाहिलं. तिथे दगड अजून गुळगुळीत घडवलेला आहे आणि कापड नाही.

मी मॅडमना म्हटलं, "नदीनं घासून गेली असेल रेघ." त्यांनी विजेरी घेतली, काखेखाली धरली आणि परत माझ्या हातात दिली.

ही जैनांच्या तेविसाव्या तीर्थंकरांची मूर्ती आहे, पार्श्वनाथांची. त्यांच्याही डोक्यावर नाग असतो, आणि त्यावर अशा तीन छत्र्या. तेही तसेच बसतात, हात तसेच ठेवतात, डोळे तसेच मिटतात. आपल्या भागात त्यांचे लोक एके काळी पुष्कळ होते. तुमची चूक कोणाचीही झाली असती. पण फणा बघून पळून न जाता त्याची गोष्ट सांगायला आपल्याच लोकांना सुचलं, एवढं मला म्हणावंसं वाटतं. त्यानं काही होत नाही हे मला कळतं.

मॅडम म्हणाल्या, "वडिलांना सांग, दोघंही घर सोडून गेलेलेच. दोघांनीही कोणाला मारू नका सांगितलं. दुःख कशाचं?" त्या मनापासून म्हणाल्या. पण त्यांना संध्याकाळी त्या गावात परत जायचं नाही. चौकात त्या उभ्या राहिल्या नव्हत्या.

मी बुद्ध असं लिहू शकत नाही. तुम्ही मला शाळेत घालताना मास्तरांना सांगितलं होतं, हिला खरं लिवायले शिकवा. आणि समजा लिहिलंच, तर हैदराबादहून खात्याचे लोक येऊन खोडतील, आणि मग सगळे म्हणतील, बघा, यांची पोरगी. दुसरं नाव लिहिलं तर तुमची दरखास्त तिथेच पडेल. काहीही लिहिलं तरी मूर्ती इथेच राहणार आहे. मी प्रत्येक बाजूने विचार करून पाहिला. एकही वाट सापडली नाही.

या पत्रात कुठल्या वस्तूचं वर्णन करायला मन होत नाही. तरी एक सांगते, कारण तुम्हाला आवडलं असतं. गोंड लोक दिवाळीत दंडारीत नाचताना घालतात तो मोरपिसांचा मोठा टोप नवा काचेत ठेवला आहे. पंखा बंद असला तरी त्याची पिसं हलतात. कशानं, ते कळत नाही. शेजारून माणूस चालत गेलं की हलतात, बहुतेक.

मैत्री


आदिलाबाद, ४ मे

बाबा,

मायचा फोन आला. म्हणाली, "पत्र वाचलं, घडी केली, मंग विहार झाडाले गेले. दुपारी कोन झाडते का? आता दोन येळा झाडते." तुम्ही कोणाला काही सांगितलं नाही असं ती म्हणाली. तिलाही नाही. मी तिला फोनवर सांगितलं नाही, म्हणून तिला अजून माहीत नाही.

आता ती सांगते की बुद्धपौर्णिमेला सगळे इकडे येणार आहेत, वंदना घ्यायला. राहीबाई आजीने ठरवलं म्हणे. "बुद्ध आपल्याकडं येत नाई तं आपुन जाऊ."

बाबा, त्यांना थांबवा. किंवा आधी तुम्ही एकटे या. मूर्ती आता मधल्या दालनात ठेवली आहे आणि शनिवारी तिच्याशेजारी माझी पाटी लागते आहे. पाटीची तारीख पुढे ढकलण्यासाठी मी मॅडमना विनवलं. त्यांनी विचारलं, किती पुढे?

एवढंच लिहिते. फोन उचला.

मैत्री


आदिलाबाद, १४ मे

बाबा, जय भीम.

तुम्ही परवा इथे होता, तरी हे लिहिते आहे. तुम्ही पुढे उभे होता, मी मागे होते. मागून मला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नसेल.

दोन गाड्या भरून आलात. बाया सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. दारावर आमच्या रखवालदारानं, देवाजीनं, मेणबत्त्या अडवल्या, त्याला तसा हुकूमच आहे. महिपत काका त्याच्याशी वाद घालायला लागले, "अरे, हात लावून पाहा, पेटवली कोठं हाय?" शेवटी न पेटवलेल्या मेणबत्त्या हातात धरून सगळ्या आत आल्या. गुडीहत्नूरहून आलेलं एक कुटुंब टोपाचे फोटो काढत होतं, ते बाजूला झालं. तुम्ही त्रिशरण सुरू केलं. दालनात छत उंच आहे, आवाज घुमतो. मॅडम त्यांच्या खोलीच्या दारात आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी कोणाला थांबवलं नाही.

मग राहीबाई आजी म्हणाली, "चंपतभाऊ, पोरीनं काय लिवलं थे वाचून दावा ना. आमाले कोठं येते."

मी तेव्हा काही तरी बोलायला हवं होतं. तुमच्याबरोबर आलेल्यांत मराठी वाचणारे तुम्हीच होता. शेजारच्या सुनयनाच्या दोन्ही मुली शाळेत तेलुगू शिकल्या, त्या पाटीकडे बघून मोकळ्या झाल्या. तुम्ही चष्मा काढला, पुसला आणि बोट न लावता एकेक शब्द वाचायला लागलात. माझी पाटी मला पाठ आहे. तरी तुमच्या तोंडून ती दुसऱ्याच कोणी लिहिल्यासारखी वाटली.

"काळा दगड. मांडी घालून बसलेली व्यक्ती. हात मांडीवर, एकावर एक. डोळे अर्धे मिटलेले. मागे नाग. सात फणे, त्यांतला डावीकडचा एक तुटलेला. वाळूने चेहरा झिजला आहे, पण ओठ दिसतात. पैनगंगेच्या पात्रात, विहारासाठी वाळू काढणाऱ्या गावकऱ्यांना सापडली. त्यांनी वर्षभर तिची काळजी घेतली, रोज फुले वाहिली."

इथे तुम्ही थांबलात. खाली आणखी तीन ओळी होत्या. छत्र्या, वस्त्र नसणं आणि नाव. तुमची मान त्या ओळींवरून खाली जाताना मला मागून दिसली. मग चष्मा खिशात गेला.

"बस? इतकंच?" आजीने विचारलं.

"इतकंच."

"नाव नाई लिवलं?"

तुम्ही म्हणालात, "नाव कायले पायजे? आपल्याले मालूम हाय."

"हुशार हाय पोट्टी," महिपत काका म्हणाले. "कायद्यात सापडाचं नाई म्हून नावच टाकलं नाई."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मग बायांना घेऊन दाराकडे निघालात.

आजी मागे राहिली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "किती भाग्याची व माय तू. रोज बुद्धापाशी बसतं. आमच्या नावानं एक फूल ठेवत जाशीन ना?"

मी हो म्हणाले.

बाबा, तुम्ही माझ्यासाठी थांबलात की त्यांच्यासाठी, की स्वतःसाठी, हे मला कळत नाही. विचारतही नाही. पण हैदराबादहून तेलुगू पाटी छापून आली आहे, माझ्या टेबलावर आहे, आणि सोमवारी लागते. सुनयनाच्या मुली ती सरळ वाचतील. तुम्ही आषाढ पौर्णिमेला पुन्हा येणार असं मायनं सांगितलं. त्या आधी कोणीतरी आजीला सांगायला हवं. मी रविवारी येऊन सांगू का? तुम्ही शेजारी बसाल का? की मी सांगितलेलं तुम्हाला सहन होणार नाही? नाही म्हणायचं असेल तरी मायजवळ निरोप ठेवा. काहीच न कळता मला राहता येत नाही.

आज सकाळी मी चाफ्याचं एक फूल मूर्तीपुढे ठेवलं. ते नियमात बसत नाही. दुपारी कापूस बाजारातले एक व्यापारी बायको-मुलांसह आले. इंग्रजी पाटी कालच लागली आहे. ती वाचून नवरा जागीच उभा राहिला. त्याने पायातले बूट-मोजे काढले. सगळ्यांनी हात जोडले, लहान मुलीलाही त्यांनी हात जोडायला लावले. बराच वेळ ते तिथे होते. मग तो माझ्याकडे आला आणि फार अदबीने म्हणाला, "बहनजी, भगवान यहाँ काँच के पास अकेले बैठे हैं, अच्छा नहीं लगता. हमारे मंदिर के लिए दरख़्वास्त कहाँ देनी होती है?"

मी त्यांना खालची खिडकी दाखवली.

त्याची बायको मागे थांबली होती. तिने फुलाकडे बोट दाखवलं. "ये आप चढ़ाती हैं? रोज़?"

मी तिलाही हो म्हणाले.

तुमची,
मैत्री